आवाज बंद करून पाहिलेले सिनेमे

अकोला,
नोव्हेंबर २००६

प्रिय शाकीब,

हे पत्र मोठ्यानं वाचू नकोस. तू वर्तमानपत्रसुद्धा अख्ख्या अडतीला ऐकू जाईल असं वाचतोस, आणि डॉक्टरांनी घशाला पूर्ण विश्रांती सांगितली आहे. मी बोलतोय आणि तू मध्येच तोडत नाहीस, असं आपल्या मैत्रीत पहिल्यांदाच घडतंय. म्हणून तर फोन न करता लिहितो आहे. फोनवर तू दोन वाक्यांत जिंकतोस. आवाज बसलेला असतानाही जिंकतोस.

बातमी अशी, की आपला ‘दिवाबत्तीवाला’ सापडला. इथे बसस्टँडजवळ हातगाडीवर डीव्हीडी विकणारा एक जण उभा असतो. एकेका तबकडीवर पाच-सहा सिनेमे कोंबलेले, आणि वरच्या कागदावर सगळ्यांची बारीक बारीक चित्रं. त्यातल्या एका चित्रात काळ्या आभाळात एकच दिवा होता, आणि त्याच्यासमोर हात आडवा धरलेला माणूस. इंग्रजी नाव वाचून मला काही बोध झाला नाही. आपल्याला त्या सिनेमाचं खरं नाव कधी माहीतच नव्हतं. पण तो हात मी ओळखला. रविवारी दुपारी जेवण झाल्यावर सिनेमा लावला. त्यात काय निघालं ते सांगतोच, पण त्याआधी दुसरी गोष्ट लिहून टाकतो. नाहीतर तू म्हणशील, मास्तर मुद्द्याच्या भवताल फिरून राहिला.

भाभी मागच्या आठवड्यात तुझे रिपोर्ट घेऊन आल्या होत्या. मी ते दोनदा वाचले आणि ओळखीच्या डॉक्टरांना दाखवले. स्वरयंत्रावरची गाठ कॅन्सरची आहे. ती अजून बाहेर पसरलेली दिसत नाही. आत्ता स्वरयंत्र काढून टाकलं तर तू वाचण्याची शक्यता चांगली आहे, थांबलास तर ती कमी होत जाईल. काढलं तर आवाज जाईल आणि तो परत येणार नाही. नागपूरला सोमवारी खाट मिळते आहे, आणि तू म्हणतोस, संत्र्याचा आंबिया बहार निघू दे. आंबिया संपला की तू पुढच्या मृग बहाराचं नाव काढशील हे जहाँआराभाभींना कळतं आणि मलाही कळतं. मोर्शीच्या बाजारात संत्र्याच्या ढिगाशी उभं राहून हर्रास बोलायचा, लिलाव पुकारायचा, हा तुझा इतक्या वर्षांचा धंदा. तुझा आवाज आला की चहा सोडून व्यापारी धावतात, हे मी स्वतः पाहिलं आहे. असा माणूस आवाज काढून द्यायला तयार होत नाही, हे मी समजू शकतो. किती समजू शकतो, हा प्रश्न मी स्वतःला विचारला. फार नाही. मी ज्युनिअर कॉलेजात इंग्रजी शिकवतो. माझा आवाज गेला तर निम्मा वर्ग पेढे वाटेल.

डॉक्टरांनी तुला टॉर्चसारखं एक यंत्र दाखवलं म्हणे, गळ्याला लावून बोलायचं. भाभी सांगताना हसत होत्या आणि डोळेही पुसत होत्या. तू त्यांच्या तोंडावर म्हणालास, “डॉक्टरसाब, मी काय डब्बा हाये, पोटात बॅटरी टाकाले?” डॉक्टरांना त्यातलं अर्धंच कळलं असेल. ‘डब्बा’ म्हणजे कोण, हे त्यांना कुठून माहीत? ते माहीत असलेली माणसं अमरावतीच्या राजापेठेतल्या एका खोलीत बसत होती, आणि त्यांतली बरीचशी आता इकडेतिकडे झाली.

तुला सगळं ठाऊक आहे, तरी मी राजापेठेपासून लिहितो. रविवारनंतर माझ्या आठवणीवर माझा भरवसा राहिलेला नाही, आणि एकदा ओळीनं लिहून पाहिल्याशिवाय मला चैन पडत नाही. ही खोड तुला माहीत आहे. मी डायरी काढली की तू विचारायचास, “आज कोनावर केस टाकली?” तू तेल्हाऱ्याहून बी.एस्सी.साठी अमरावतीला आलास आणि आमच्या मागच्या खोलीत भाड्यानं राहिलास. पुढे बाबांचं फुलांचं दुकान. सकाळी हार ओवायला तू येऊन बसायचास आणि एवढ्या मोठ्यानं बोलायचास की बाबा म्हणायचे, “शाकीब, तुह्या आवाजानं शेवंती गळून राहिली रे बापा.”

त्याच सुमारास गल्लीच्या टोकाला खुशालरावांनी रंगीत टीव्ही आणि व्हीसीआर आणून व्हिडिओ पार्लर काढलं. संध्याकाळी हिंदी सिनेमे, तेव्हा खोली भरायची. दुपारी मात्र ते इंग्रजी विज्ञानपट लावायचे, कारण त्या कॅसेट कोणीच नेत नसे आणि त्यांना जवळजवळ फुकट मिळत. अडचण होती भिंतीची. पलीकडे गणिताची ट्यूशन चालायची. यानांची घरघर आणि स्फोट भिंतीतून गेले की तिथले सर पोलिसात जाईन म्हणून दारात उभे राहायचे, आणि खुशालरावांकडे परवाना नव्हता. मग त्यांनी दोन कामं केली. दुपारच्या सिनेमाला टीव्हीचा आवाज पूर्ण बंद, आणि दाराबाहेर पाटी, ‘सायन्स क्लासेस’.

आवाज नसलेल्या सिनेमाला येणार कोण? आपण दोघं, बाजारातले चार-दोन हमाल, आणि पार्बताबाई. सकाळची भाजी विकून झाली की रिकामी टोपली घेऊन ती यायची आणि पंख्याखाली बसायची. पहिल्यांदा आली तेव्हा ‘काचेखालचं गाव’ लागला होता. परक्या ग्रहावर काचेच्या घुमटाखाली वसवलेलं गाव, आणि घुमटाला गेलेला तडा. जुना, काळा-पांढरा. तिनं थोडा वेळ पाहिलं आणि विचारलं, “काहून रे, हे मानसं तोंड हालवून राहिले अन् बोलत काहून नाई?” तू मागून म्हणालास, “बोलून राहिले ना मावशी. तो टोपीवाला म्हन्ते, टाकीतलं पानी सरलं.” ती म्हणाली, “मंग टँकर बोलाव म्हना.” तू तेही त्या टोपीवाल्याच्या तोंडी घातलंस. हमाल हसले. त्या दिवसापासून तू मागच्या बाकावर बसायचं सोडून टीव्हीच्या बाजूला उभा राहू लागलास.

पुढे दुपारची खोलीही भरायला लागली. भिंतीपलीकडच्या सरांची तक्रार आली नाही, कारण मराठीत एक माणूस सलग बोलतोय म्हणजे खरंच क्लास चालला असणार, अशी त्यांची समजूत झाली. एकदा एक गृहस्थ पाटी वाचून आत आले आणि तुला म्हणाले, “सर, पोराचं गनित कच्चं हाये, घेता का?” तू म्हणालास, “काका, आमी फक्त आकाश शिकवतो.” त्यांनी गंभीरपणे विचारलं, “त्याच्यावर मार्क किती असतात?” यावर खुशालराव बाहेर जाऊन हसले.

आपले आवडते सिनेमे कोणते, यावर आपण अजूनही भांडतो. तुझा पहिला नंबर ‘नाकतोड्या’. शहर खाणारा प्रचंड नाकतोड्या, त्याच्या पाठीवरची चेन स्पष्ट दिसायची, आणि तरी तू त्याला असा आवाज दिलास की शेवटी विमानं त्याच्यावर गोळ्या झाडू लागली तेव्हा खोलीतला एकही माणूस विमानांच्या बाजूनं नव्हता. तुझ्या सांगण्यात तो आपली हरवलेली बायको शोधत होता. माझा पहिला नंबर ‘एका घरावरचा पाऊस’. तो फारसा कोणाला आवडला नव्हता. पाऊस पाडायचं यंत्र बिघडतं आणि एकाच माणसाच्या घरावर पाऊस पडत राहतो, बाकी गाव कोरडं. आधी लोक त्याच्याकडे पाणी मागायला येतात, मग त्याचा राग करू लागतात, आणि तो बिचारा यंत्र बंद करायची विनंती घेऊन कचेऱ्यांचे उंबरठे झिजवतो. दोन वर्षांपूर्वी तुझ्याकडे आलो होतो तेव्हा मला तो फार आठवला. रस्त्याच्या दोन्ही बाजूंना वाळलेल्या संत्र्याच्या बागा तोडून लाकडं रचलेली होती, आणि मध्येच एक बाग हिरवीगार. तू म्हणालास, “त्याच्या बोअरले पानी लागलं. आता कोनी त्याच्याकडं चहा पेत नाई.” हल्ली शेतकऱ्यांच्या आत्महत्यांमुळे इकडे पत्रकार येतात, समित्या येतात, त्यांना सगळीकडे एकच गोष्ट दिसते. तो सिनेमा कोणी त्यांना दाखवायला हवा होता.

आणि तिसरा ‘डब्बा’. यानात जागा कमी, कोण जाणार आणि कोण मागे राहणार हे ठरवणारं यंत्र. त्याच्यासाठी तू तुपाचा रिकामा डबा तोंडाला लावून बोलायचास, सपाट, चढउतार नसलेलं, प्रत्येक शब्द सुटा. हमालांना तो आवाज इतका आवडला की बाजारात एकमेकांना ते तसेच हाका मारू लागले. आता डॉक्टर तुला जे यंत्र देतायत त्यातून नेमका तोच आवाज निघतो, असं मी ऐकलं आहे. ज्या आवाजावर तू शिट्ट्या घेतल्यास त्याला आता नावं ठेवतोस, हे मला पटत नाही. पण हे मी इथे आरामात बसून म्हणतोय, हेही मला दिसतं. डबा तू हौसेनं तोंडाला लावायचास आणि हवा तेव्हा काढून ठेवायचास. तेव्हा हा मुद्दा मी अर्धाच मोजतो.

अब्बांची एक गोष्ट मध्येच लिहितो, कारण ती मला पुढे लागणार आहे. मी पहिल्यांदा तेल्हाऱ्याला तुझ्या घरी आलो तेव्हा आपण अब्बांबरोबर बैलबाजारात गेलो होतो. अब्दुल सत्तार दलाल म्हटलं की तिथे लोक बाजूला व्हायचे. घेणारा आणि विकणारा यांच्यामध्ये ते उभे राहिले, हातावर दुपट्टा टाकला, आणि एकाचा हात धरून दुपट्ट्याखाली बोटं दाबू लागले, मग दुसऱ्याची. तोंडानं एक शब्द नाही. भोवती गर्दी, आणि गर्दीला काही कळत नव्हतं. शेवटी त्यांनी एकाचा पूर्ण पंजा आपल्या मुठीत घेतला. तू माझ्या कानात म्हणालास, “पूर्न पंजा म्हन्जे सौदा पक्का.” परत येताना मी अब्बांना विचारलं, सरळ बोलत का नाही? ते म्हणाले, “बेटा, मुँह से बोला तो पूरा बाजार सुनता. इसमें जिसका हाथ है वोइच सुनता.” मग आपणही खुशालरावांकडे तेच सुरू केलं. आज कोणती कॅसेट लावायची, हे आपण माझ्या टॉवेलाखाली बोटांनी ठरवायचो, म्हणजे पार्बताबाई मध्ये पडणार नाही. ती ओरडायची, “हे दोघं का बैल इकून राहिले का?”

आता दिवाबत्तीवाला. मला आठवतो तो असा. आकाशात फार दूर एक दिव्याची चौकी आहे. जाणाऱ्या-येणाऱ्या यानांना वाट दिसावी म्हणून तिथे एक माणूस नेमलेला. यानं येणं कधीच बंद झालं आहे, पण त्याला परत बोलवायचं कोणाच्या लक्षात राहिलेलं नाही. तो रोज दिवा पुसतो, लावतो. काळोखात खूप लांब दुसऱ्या चौकीचा दिवा दिसतो, तिथेही असाच एक जण. रेडिओ बिघडलेला. मग हा दिव्यासमोर हात आडवा धरतो, काढतो, धरतो, काढतो. पलीकडचा दिवाही तसाच उघडझाप करतो. तू याचं नाव बुधाजी ठेवलंस आणि त्याचं रामसिंग. जवळजवळ अर्धा तास ते दोघं बोलायचे. बुधाजी विचारायचा, जेवला का? रामसिंग म्हणायचा, तेच ते गोळीचं जेवन, तुमच्याकडं मिरची हाये का? बुधाजीची मुलगी केवढी झाली असेल याचा दोघं मिळून अंदाज करायचे. एकदा त्यांचं भांडण झालं आणि बुधाजीनं दिवसभर हात आडवा धरला नाही, तेव्हा पार्बताबाईनं त्याला शिव्या दिल्या. मी पोरांना, लग्न झाल्यापासून रागिणीला, स्टाफरूममध्ये, सगळीकडे ते संवाद इतक्यांदा म्हणून दाखवले आहेत की रागिणीला ते पाठ आहेत. “आमच्याकडं आभाळ साफ हाये, तुमच्याकडं कसं?” हे वाक्य आमच्या घरात फोनवर कोणीही म्हणतं.

तर रविवारी मी सिनेमा लावला. चित्र स्वच्छ, आवाज चालू, खाली इंग्रजी अक्षरं. सुरुवातीला थोडं बोलणं झालं, नेमणुकीबद्दल. मग रेडिओ बिघडला आणि अक्षरं थांबली. मला वाटलं तबकडी खराब आहे. मागे नेऊन पुन्हा लावली. आवाज वाढवला. चौकीची बारीक घरघर ऐकू येत होती, त्याच्या बुटांचा आवाज, फडक्यानं काच पुसल्याचा आवाज. माणूस मात्र बोलत नव्हता. तो अर्धा तास पूर्ण मुका आहे, शाकीब. चेहरा, हात, आणि लांबवर उघडझाप होणारा ठिपका, एवढंच. पलीकडे माणूस आहे असंसुद्धा सिनेमा कुठे सांगत नाही. रागिणी भाजी निवडत बसली होती. ती म्हणाली, “मग तुम्ही इतकी वर्षं सांगता ते रामसिंग-बुधाजी कुठे आहेत?”

पहिल्यांदा, खरं सांगतो, मला फसल्यासारखं वाटलं. माझा सगळ्यात आवडता संवाद कोणीच लिहिलेला नव्हता. मग मी विचार करू लागलो, की तुला तेव्हा माहीत होतं का? आवाज बंद होता, म्हणजे ओठ हलतायत की नाहीत एवढंच पाहायला मिळायचं, आणि बुधाजीचे ओठ हलत नव्हते हे तुला दिसत असणारच. मलाही दिसत असणार. खोलीतल्या सगळ्यांना दिसत होतं. तरी कोणीही उठून म्हणालं नाही, की हा तर गप्प आहे. दुसऱ्या दिवशी मी तो भाग पुन्हा पाहिला, या वेळी आवाज बंद करून, आणि तुझी वाक्यं मनात म्हणत. ती बरोबर बसली. मिरचीच्या वाक्याला तो खरोखर हसतो. मुलीच्या वाक्याला तो हात खाली घेतो आणि बराच वेळ पुन्हा उचलत नाही. तू काही वरून चिकटवलं नव्हतंस. त्याच्या हातात आणि डोळ्यांत जे होतं ते तू आम्हाला वाचून दाखवलंस. चुकलं असेल कुठे कुठे. पण तो माणूस न बोलता बोलत होता आणि तू नीट पाहत होतास, हे मी आता पुराव्यानिशी सांगू शकतो. शेवटही तसाच आहे. पलीकडचा दिवा विझतो. हा आपला दिवा लावून बसतो. पडदा काळा होतो, अक्षरं येतात. रामसिंग मेला असं कोणालाही वाटेल. त्या दुपारी तू म्हणालास, “मेला नाई. तो इकडं याले निघाला. घरातून निघतानी मानूस दिवा बंद करूनच निघते ना?” पार्बताबाई लगेच म्हणाली, “हो बाप्पा, बिल येते.”

ती भेटली मला या दिवाळीत. राजापेठेत अजून बसते, पुलाच्या अलीकडे, आता सून भाजी तोलते आणि ही फक्त भाव सांगते. खुशालरावांच्या खोलीच्या जागी खरोखरच एक क्लास झाला आहे. तिनं मला ओळखलं, पण नाव आठवेना. म्हणाली, “तू फुलवाल्याचा. अन् तो बोलनारा पोरगा कुठी हाये?” मी म्हटलं, मोर्शीला. तुझ्या दुखण्याचं मी सांगितलं नाही, तेव्हा मलाच नीट माहीत नव्हतं. मग कोथिंबिरीची जुडी पिशवीत टाकता टाकता तिनं विचारलं, “तो रामसिंग पोचला का मंग?” खोटं बोलायचं नव्हतं आणि खरं मला माहीत नव्हतं. मी म्हटलं, “वाटेत असेल, मावशी.” ती म्हणाली, “लई दूर होतं ना ते.”

आता हे सगळं का लिहिलं ते. दिवाळी झाल्यावर मोर्शीच्या स्टँडवर तू मला सोडायला आला होतास. गाडी लागली होती, तू त्या घोगऱ्या आवाजात विचारलंस, “गोवर्धन, आवाज गेल्यावर मी काय राहीन बे?” आणि मी गाडीच्या पाटीकडे पाहत राहिलो. काहीतरी बरं वाटेल असं बोलता आलं असतं, पण तू ते लगेच ओळखलं असतंस. आज मला उत्तर माहीत आहे, जेवढं माहीत आहे तेवढंच देतो. हर्रास जाईल. तो दुसरा कोणी बोलेल, आणि तुला ते ऐकताना त्रास होईल, हे मी गोड करून सांगणार नाही. पण गप्प माणसाचं बोलणं एका खोलीभर लोकांना ऐकू येऊ शकतं, फक्त बाजूला उभं राहून नीट पाहणारा एक जण लागतो, हे तूच आम्हाला करून दाखवलंस. इतके दिवस तू टीव्हीच्या बाजूला उभा होतास. आता तू आत जा, बाजूला मी उभा राहतो. तुझ्याइतकं मला जमणार नाही. मी चुकीचं सांगीन, तुझे विनोद पाडीन. बुधाजीला पडद्यातून बाहेर येऊन तुझी मान धरता आली नाही, तुला माझी धरता येईल. येत्या रविवारी दुपारच्या गाडीनं मी येतो आहे, सोमवारी नागपूरला तुझ्याबरोबर जायचं म्हणून रजा टाकली आहे. दारात काही बोलू नकोस, भाभींसमोर वाद नको. माझ्या खांद्यावर टॉवेल असेल, त्याखाली हात दे. बोटं मोजत बसू नकोस, आंबिया आणि मृग मला शिकवू नकोस. पूर्ण पंजा दे. रागिणीही माझ्याबरोबर येते आहे, त्यामुळे रविवारी आमच्या घरातला दिवा खरोखरच बंद असेल.

तुझाच, टॉवेलवाला,
गोवर्धन